खांब उलटा डाव टाकत नाही

ओझरच्या धावपट्टीवरून उठलेले सुखोई गोदावरीवर वळण घेत सायखेड्याच्या माथ्यावरून जाते, तेव्हा कांद्याच्या लिलावातली बोली क्षणभर थांबते. वर पाहायला नव्हे, आवाजात आकडा ऐकू येत नाही म्हणून. साठ वर्षांची सवय आहे ती. नाशिक जिल्ह्यात आजही पुष्कळजण त्या गावाला नुसते ओझर म्हणत नाहीत, 'ओझर मिग' म्हणतात. आणि ज्या विमानाचे नाव गावाला असे चिकटले, ते विमान हवाई दलातून कायमचे उतरले तरी नाव काही उतरलेले नाही. याच आवाजाखाली वाढलेला एखादा मुलगा रात्री पुस्तक मिटून संगणकापुढे बसतो, जॉयस्टिक हाती घेतो आणि पडद्यावरच्या मिग-२१ बिसमध्ये शिरतो. आजोबांच्या पिढीने ओझरच्या हँगरमध्ये रिव्हेट ठोकून जे सांधले, ते नातवाला परदेशातल्या एका छोट्या कंपनीने लिहिलेल्या आकड्यांतून भेटते. मग जगभरच्या अशा खेळाडूंना पडणारा प्रश्न त्यालाही पडतो: हे विमान खरोखर असेच वागत होते का?

या मंडळींच्या बोलीत विमानाच्या वागण्याच्या हिशेबाला 'फ्लाइट मॉडेल' म्हणतात. वेग, उंची, वजन, वाऱ्याशी पंखाने केलेला कोन, इंजिनाचा जोर अशा अनेक गोष्टी हाताशी घेऊन संगणक दर सेकंदाला कित्येकदा हिशेब करतो आणि पुढच्या क्षणी विमान कुठे असेल, कोणत्या बाजूला कलेल ते ठरवतो. पडद्यावरचे ढग, कॉकपिटमधले थरथरणारे काटे, उडालेला रंग हा सगळा पोशाख झाला; फ्लाइट मॉडेल हा देह. लढाऊ विमानांच्या खेळात या देहावरून हमरीतुमरी होते, कारण तिथे विमान नुसते उडवायचे नसते, झुंजवायचे असते, आणि वळण्याचा वेग सेकंदाला एखाद्या अंशाने इकडेतिकडे झाला तरी इतिहासात हरलेले विमान पडद्यावर जिंकू लागते. वरवर पाहता हा रिकामटेकड्यांचा काथ्याकूट वाटेल. परंतु प्रतिकृतीने मूळ वस्तूशी किती इमान राखावे आणि ते राखले की नाही हे कोणी ठरवावे, हा झगडा संगणकाच्या कितीतरी आधीचा आहे. आणि त्याचा इतिहास चाळला तर एक गोष्ट पुन्हापुन्हा समोर येते. प्रतिकृती फसली ती क्वचितच यंत्र दुबळे होते म्हणून. बहुतेकदा ती फसली, कारण मूळ वस्तूच्या दोषांची नोंद कोणी केली नव्हती, किंवा केलेली नोंद कुलपात होती.

आपल्याकडचा दाखला हाताशी आहे. पेशवाईच्या अखेरच्या काळात दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाची विद्या पुन्हा उभी केली. निजामाच्या अली आणि गुलाब या पहिलवानांचे आव्हान स्वीकारण्यापूर्वी ते वणीच्या सप्तशृंगीला गेले आणि तिथे साक्षात मारुतीने त्यांना ही विद्या दिली, अशी आख्यायिका आहे. सप्तशृंगी आजच्या नाशिक जिल्ह्यातलीच. आख्यायिका बाजूला ठेवली तरी उरते ती कल्पना विलक्षण आहे. जमिनीत पुरलेला लाकडी खांब, त्याला अंग, मान आणि बोंड, म्हणजे उभ्या माणसाचाच साचा, आणि त्याच्यावर प्रतिस्पर्ध्याशिवाय पकडीचा, तिढ्याचा, तोलाचा सराव. आजच्या भाषेत याला सिम्युलेटर म्हणता येईल. मात्र खांब उलटा डाव टाकत नाही, हे वस्तादाला पक्के ठाऊक होते. म्हणून खांबावर तयार झालेला पोरगा शेवटी लाल मातीच्या हौद्यात उतरवला जाई, आणि खांबाने काय शिकवले नाही ते तिथे पहिल्या झटक्यात कळे. खांब अपुरा आहे याची वाच्यता होती, म्हणून तो उपयोगी होता.

विमानविद्येच्या आरंभी मात्र ही वाच्यता झाली नाही. इंग्लंडमधला अभियंता जॉन स्मीटन याने १७५९ मध्ये पाणचक्क्या आणि पवनचक्क्यांवर जो निबंध वाचला, त्याच्या आधाराने हवेच्या दाबाचा एक गुणांक रूढ झाला, ०.००५. चक्कीपुरता तो आकडा चालून गेला आणि पुढे जवळजवळ दीड शतक एका पुस्तकातून दुसऱ्या पुस्तकात उतरत राहिला. राइट बंधूंनी १९०१ मध्ये त्याच्यावर विसंबून ग्लायडर बांधला, तर हिशेबाने जेवढे उचलायला हवे त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढेच त्याने उचलले. त्यांचा पहिला संशय गेला जर्मन ग्लायडरवीर ओटो लिलिएन्थालच्या, पंखाची उचल सांगणाऱ्या तक्त्यांवर. लिलिएन्थाल १८९६ मध्येच ग्लायडरवरून पडून मेलेला, बाजू मांडायला जागेवर नव्हता. १९०१ च्याच हिवाळ्याच्या तोंडाशी राइट बंधूंनी आपल्या सायकलींच्या दुकानात लाकडी पेटीचा वातबोगदा केला, पंखांचे सुमारे दोनशे आकार त्यात तपासले आणि पाहिले की लिलिएन्थालचे तक्ते बव्हंशी ठीक होते. खोट होती ती सर्वमान्य गुणांकात. खरा आकडा ०.००३३ च्या आसपास होता. दीड शतकातल्या विद्वानांपैकी एखाद्या-दुसऱ्यालाच तो पुन्हा मोजून पाहावासा वाटला, आणि ज्यांना वाटला त्यांचे कोणी ऐकले नाही. आज खेळातल्या विमानाच्या एका फाइलमधला चुकीचा आकडा दहा वर्षे तसाच राहतो म्हणून चिडणाऱ्या मुलाने हा प्रसंग ध्यानात ठेवावा.

त्याच सुमारास मुंबईत वेगळे काही घडत होते, किंवा घडले असे सांगितले जात होते. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये गिरगाव चौपाटीवर 'मरुत्सखा' नावाचे विमान उडवल्याची कथा मराठी घरांत पिढ्यान्पिढ्या चालत आली. तिला आधार देणारी विश्वासार्ह समकालीन नोंद मात्र पुढे येत नाही. तळपदे अभ्यासू आणि जिद्दी होते याविषयी शंका नसावी, पण जिद्दीने उड्डाण सिद्ध होत नाही. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच अभ्यासकांनी १९७४ मध्ये या कथेशी जोडल्या जाणाऱ्या 'वैमानिक शास्त्र' या ग्रंथातली विमाने वायुगतिकीच्या कसोटीवर घासली आणि ती उडू शकत नाहीत असा स्पष्ट निष्कर्ष दिला. विसाव्या शतकात सिद्ध झालेल्या त्या ग्रंथाला प्राचीन म्हणून मिरवणाऱ्यांना तो रुचला नाही, हे सांगायला नको. गंमत अशी की चौपाटीची ही कथा ज्या दशकातली, त्याच दशकात, १८९८ मध्ये, इतिहासकार वि. का. राजवाडे यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' याचा पहिला खंड काढून पानिपताच्या काळातली अस्सल पत्रे छापली आणि बखरीच्या रसाळपणावर पोसलेल्या वाचकाला सांगितले की आधी कागद दाखवा, मग बोला. फ्लाइट मॉडेलच्या वादातही शेवटी हीच दोन दप्तरे समोरासमोर येतात. निवृत्त वैमानिकाच्या आठवणी म्हणजे बखर: तिच्यात जीव असतो, पण आपले विमान नेहमी थोडे अधिक चपळ आणि शत्रूचे थोडे अधिक जड असते. चाचणीचा अहवाल म्हणजे अस्सल कागद: रुक्ष, पण इंधन किती भरले होते आणि त्या दिवशी हवा किती तापली होती ते त्यात लिहिलेले असते. मात्र अस्सल कागदालाही लिहिणाऱ्याचा हेतू असतो, हे राजवाड्यांच्या शिष्यांना जेवढे कळले तेवढे खेळाडूंना अजून कळलेले दिसत नाही.

आकाराने धाकटी प्रतिकृती थोरल्या वस्तूसारखीच वागेल, या भ्रमाने अमेरिकेतले थोर शास्त्रज्ञ सॅम्युएल लँग्ली यांना १९०३ मध्ये पोटोमॅक नदीत दोनदा बुडवले. त्यांच्या विमानाची पाव आकाराची प्रतिकृती त्याच वर्षी उडाली होती. पूर्ण आकाराचे विमान ७ ऑक्टोबरला पाण्यात गेले, ८ डिसेंबरला पुन्हा गेले, आणि त्यानंतर नऊ दिवसांनी राइट बंधू उडाले. आकार चौपट झाला की वजन चौपट होत नाही, त्याहून कितीतरी वाढते. खडकवासल्याच्या जलसंशोधन केंद्रात नद्या-बंदरांच्या लहान प्रतिकृती मांडणाऱ्यांना हे सूत्र वेगळे शिकवावे लागत नाही. लँग्लींच्या अपयशापेक्षा अधिक बोलके आहे ते त्याचे उत्तरायुष्य. ज्या स्मिथ्सोनियन संस्थेचे ते प्रमुख होते, तिने १९१४ मध्ये विमाने बांधणाऱ्या ग्लेन कर्टिसकडून ते जुने विमान दुरुस्त करवून घेतले, म्हणजे बरेच बदलून घेतले, आणि ते मुळातच उडण्याजोगे होते असे जाहीर केले. हे विधान मागे घ्यायला संस्थेला १९४२ साल उजाडावे लागले. संस्थेचा अहंकार नोंदीत शिरला की ती नोंद खोटी ठरायला माणसाचे अर्धे आयुष्य जाते.

एडविन लिंकची गोष्ट याच्या नेमकी उलट. अमेरिकेतल्या बिंगहॅमटन गावात त्याच्या वडिलांचा ऑर्गन आणि आपोआप वाजणारे पियानो बनवण्याचा कारखाना होता. तिथल्याच भात्यांवर त्याने १९२९ मध्ये डुलणारे, कलणारे एक ठेंगणे विमान बसवले. सैन्याला त्यात रस नव्हता, म्हणून ते करमणुकीच्या बागांत नाणी टाकून खेळायचे खेळणे म्हणून खपले. १९३४ मध्ये अमेरिकी लष्करी वैमानिकांवर हवाई टपाल नेण्याची कामगिरी पडली, ढगात आणि अंधारात काही आठवड्यांत डझनभर वैमानिक मेले, आणि मग लष्कराने पहिली सहा यंत्रे विकत घेतली. दुसऱ्या महायुद्धात त्या निळ्या पेटीत पाच लाखांवर वैमानिक बसून गेले. ते यंत्र विमानासारखे उडत नव्हते आणि तसा दावाही कोणी केला नव्हता. बाहेर काही दिसत नसताना शरीराला वाटते ते सोडून काट्यांवर विश्वास ठेवायला शिकवणे, एवढेच त्याचे काम. खेळणे आणि तालीमखाना यांच्या सीमेवर अशी ये-जा तेव्हापासून चालू आहे. आज गेम म्हणून विकत घेतलेल्या प्रणालीवर खऱ्या हवाई दलांचे वैमानिक हात बसवतात तेव्हा ज्यांना नवल वाटते, त्यांना हे माहीत नसते की पहिला सिम्युलेटर जत्रेतूनच छावणीत आला होता.

युद्धाने दुसरा एक नियम दाखवून दिला, आणि तो मला या साऱ्या इतिहासातला सर्वांत कडू वाटतो. विमानाचा खरा स्वभाव जगाला कळतो तो बहुधा ते शत्रूच्या हाती पडल्यावर. १९४२ च्या जूनमध्ये अल्यूशन बेटांपैकी अकुतानच्या दलदलीत एक जपानी झीरो उलटे पडले. अमेरिकनांनी ते उचलले, सान दिएगोला दुरुस्त केले आणि सप्टेंबरात उडवून पाहिले. झपाट्याने नाक खाली घातले की त्याचे इंजिन क्षणभर गुदमरते आणि मोठ्या वेगात त्याची कलण्याची यंत्रणा लाकडासारखी ताठ होते, हे अपराजित समजल्या गेलेल्या विमानाचे दोष शत्रूच्या चाचणीने नोंदीत आले. १९६६ च्या ऑगस्टमध्ये इराकी वैमानिक मुनीर रेद्फा मिग-२१ घेऊन इस्रायलला पळाला. ते विमान पुढे अमेरिकेत नेऊन १९६८ मध्ये कसून तपासले गेले, आणि तो अहवाल खुला झाल्यावर मिगवरच्या चर्चेत आजही सर्वाधिक दाखवला जातो. १९९० मध्ये दोन जर्मनी एक झाल्या आणि पूर्वेकडची मिग-२९ विमाने नाटोच्या ताफ्यात आली, तेव्हा त्यांच्याही गुणदोषांची खुली चर्चा सुरू झाली. मालक विमानाची स्तुती करतो, शत्रू त्याचे माप घेतो. पडद्यावरच्या मिगांना जे काही खरेपण आले आहे, त्यातला मोठा वाटा मॉस्कोकडून आलेला नसून दगा, पराभव आणि विलीनीकरण या वाटांनी झिरपलेला आहे.

भारताची वाट साठच्या दशकात ओझरकडे वळते. त्याआधी बंगळुरूला जर्मन विमानरचनाकार कुर्ट टँक यांच्या मार्गदर्शनाखाली एचएफ-२४ मारुत घडत होते. जेट बांधण्यापूर्वी त्याच आकाराचा लाकडी ग्लायडर १९५९ मध्ये डकोटा विमानामागे दोरीने ओढून वर नेला जाई आणि सोडला जाई. स्वभाव आधी इंजिनाविना पारखून घ्यायचा, ही रीत शहाणपणाची होती. १७ जून १९६१ रोजी सुरंजन दास यांनी मारुत प्रथम उडवले, आणि १० जानेवारी १९७० रोजी त्याच विमानाच्या सुधारित रूपाची चाचणी घेताना ते गेले. चीनच्या युद्धानंतर संरक्षणमंत्री झालेले यशवंतराव चव्हाण १९६३ मध्ये नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध निवडून आले, आणि १९६४ मध्ये मिगचा सांगाडा बांधायचा कारखाना ओझरला उभा राहू लागला. इंजिने कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबादला. मिग-२१ एफएल, मग एम, मग बिस, त्यानंतर मिग-२७ आणि सुखोई-३० एमकेआय, अशा पिढ्या इथून बाहेर पडल्या. मात्र मारुत ते मिग या प्रवासात एक गोष्ट हरवली. परवान्यावर विमान बांधणाऱ्याला नकाशे मिळतात, माप मिळते, कोणता बोल्ट किती आवळायचा ते मिळते. पंखाचा आकार असाच का, आणि तो कुठल्या क्षणी दगा देतो, हे शिकवण्याची जबाबदारी परवाना देणाऱ्यावर नसते.

आकाशात हा दगा कसा होतो, ते थोडक्यात पाहू. मिग-२१ चा त्रिकोणी पंख ध्वनीहून वेगाने जाण्यासाठी घडवलेला; हळू उडताना तो विमानाला फार जड जातो. सरळ पंखाचे विमान वेग घटला की थरथरून इशारा देते आणि मग कोसळते. त्रिकोणी पंख तसा स्पष्ट इशारा देत नाही, नाक वरच राहते आणि विमान मात्र खाली बसू लागते. उतरण्याचा वेग तासाला तीनशे किलोमीटरच्या घरातला. बिसमध्ये इंजिनातली हवा काढून पंखाच्या फ्लॅपवर फुंकण्याची सोय होती, त्यामुळे वेग थोडा घटला. पण उतरताना घाबरून इंजिनाचा जोर एकदम कमी केला की ती फुंकर मंदावे, पंखाचा आधार सुटे, आणि पुन्हा जोर द्यावा तर इंजिनाला वेग धरायला काही सेकंद लागत. या काही सेकंदांचे गणित करणे संगणकाला अवघड नाही. अवघड आहे ते त्या सेकंदांचे खरे आकडे मिळवणे. वातबोगद्यात आणि सरळ उड्डाणात जे मोजले जाते त्याच्या पलीकडे, पंखाभोवतीची हवा फुटून विस्कटते तिथे, मॉडेल लिहिणारा ज्ञात बिंदूंवरून अज्ञाताकडे रेघ ओढतो. गोदाकाठच्या माणसाला ही रेघ परिचयाची आहे. पाटबंधारे खात्याच्या नकाशावर निळी आणि लाल पूररेषा असते, आणि लाल रेषा शंभर वर्षांतल्या एका पुराचा अंदाज सांगते. पण नाशिकला नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या छातीला पाणी लागले की सायखेडा-चांदोरीने सामान हलवायला घ्यायचे, हा हिशेब प्रत्यक्ष येऊन गेलेल्या पुरांनी लिहिलेला असतो. लाल रेषा खोटी नव्हे. तिच्यामागे पाहिलेले पाणी कमी असते, इतकेच.

आपले दोष स्वतःहून कबूल करणाऱ्या विमानाची प्रतिकृती किती खरी उतरते, याचा नमुना एफ-१६ आहे. नासाने १९७९ मध्ये या विमानाच्या वातबोगद्यातले आकडे एका अहवालात जसेच्या तसे छापले, आणि नाक फार वर गेले तर ते एका खोल स्टॉलमध्ये, म्हणजे पंखाचा आधार सुटून खाली बसत जाण्याच्या अवस्थेत, अडकून पडते, मग पुढेमागे झुलवून बाहेर काढावे लागते, हेही त्यात मांडले. १९९८ मध्ये 'फाल्कन ४.०' हा खेळ निघाला, दोन वर्षांनी त्याचा आज्ञावलीसंच बाहेर फुटला आणि तेव्हापासून हौशी मंडळी तो सुधारत आली आहेत. त्यांच्या एफ-१६ ला आज तो खोल स्टॉल आहे आणि तो झुलवूनच सोडवावा लागतो. पोपडे उडालेल्या भिंतीसारखी साधी चित्रे असलेला जुना खेळ या बाबतीत नव्या झगझगीत खेळांच्या वरचढ ठरला, कारण त्याला अस्सल कागद मिळाला होता.

आपल्याकडेही उड्डाणाच्या स्वभावाचे गणित मुळापासून करण्याची वेळ आली ती तेजसच्या निमित्ताने. स्वभावतः अस्थिर असलेले हे विमान संगणकाच्या नियमांवाचून उडूच शकत नाही; ते नियम तपासण्यासाठी नव्वदच्या दशकाच्या मध्यावर ते अमेरिकेतल्या एका खास एफ-१६ मध्ये भरून उडवले गेले. ते विमान दुसऱ्या विमानाचा स्वभाव अंगी घेऊ शके, म्हणजे हवेत उडणारा मल्लखांबच, आणि तोही उलटा डाव टाकणारा. मे १९९८ मध्ये पोखरणला अणुचाचण्या झाल्या, निर्बंध आले, भारतीय चमूला परत यावे लागले, आणि पुढचे काम बंगळुरूच्या प्रयोगशाळांनी स्वतः केले. ४ जानेवारी २००१ रोजी राजीव कोठियाल यांनी तेजस उडवले. परवान्याने जे शिकवले नव्हते ते नाकारले गेल्यामुळे शिकावे लागले.

मिगच्या वाट्याला मात्र असा अभ्यास फार उशिरा आला, आणि त्याची किंमत आकड्यांत लिहिलेली आहे. संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी २०१२ मध्ये संसदेला दिलेल्या माहितीनुसार मिग जातीच्या ८७२ विमानांपैकी ४८२ अपघातांत गेली होती. १७१ वैमानिक आणि ३९ नागरिक त्यांत मेले. सोप्या प्रशिक्षण विमानावरून नवखा वैमानिक थेट या उग्र विमानावर चढतो, मधली पायरीच नाही, हे हवाई अपघातांचा अभ्यास करणाऱ्या ला फाँतेन समितीने १९८२ मध्ये सांगितले होते. ती पायरी, म्हणजे हॉक विमान, हवाई दलात २००८ मध्ये आली. सव्वीस वर्षे. खांबावरून थेट दंगलीत. आणि पडलेल्या प्रत्येकाच्या चौकशीत एक उत्तर सदैव सोयीचे असे: वैमानिकाची चूक. पुण्याचे फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ सप्टेंबर २००१ मध्ये सूरतगडला रात्रीच्या उड्डाणात गेले, तेव्हा हा ठपका मान्य न करता त्यांच्या आई कविता गाडगीळ यांनी जो लढा दिला तो महाराष्ट्राने पाहिला आहे. मुलगा गमावलेल्या त्या आईवडिलांनी पुढे पुण्यात सिम्युलेटरवर शिक्षण देणारी संस्था उभी केली, ही गोष्ट त्या मानाने कमीजणांना ठाऊक आहे.

मिग-२१ बिसची सर्वांत तपशीलवार संगणकी प्रतिकृती आली २०१४ मध्ये, डीसीएस या प्रणालीवर, 'लेदरनेक सिम्युलेशन्स' नावाच्या चमूकडून. कॉकपिटमधली बटणे, रडारची लहर, इंजिनाचा उशीर हे तिने फार चांगले पकडले; वाद राहिला तो हळू वेगात नाक वर धरल्यावर विमान कसे वागते त्याचा, म्हणजे नेमका त्या टोकाचा. त्या वादात रशियन पुस्तिका येतात, अमेरिकी अहवाल येतात, पूर्व युरोपातल्या निवृत्त वैमानिकांच्या आठवणी येतात. सोव्हिएत संघाबाहेर ज्या देशाने हे विमान सर्वाधिक चालवले, साठ वर्षे चालवले आणि त्यातली शेकडो स्वतः बांधली, त्याचा कागद त्यात दिसत नाही. सुखोई-३० एमकेआयची तर डीसीएसमध्ये अधिकृत प्रतिकृती नाही. हौशी लोकांनी केलेली फुकट वाटली जाते, आणि तिचा स्वभाव हा बराचसा सदिच्छेचा भाग आहे. हवाई दलाने २०१९ मध्ये स्वतःचा मोबाइल गेम काढला. तो तरुणांना दलाकडे ओढण्यासाठी होता, त्याच्याकडून वायुगतिकीची अपेक्षा धरणे अन्यायाचे होईल.

गुप्ततेची बाजूही मांडायला हवी. सेवेतल्या विमानाचे वळण, त्याच्या रडारची नजर, त्याचे क्षेपणास्त्र किती लांब जाते हे शत्रूला सांगणारा देश वेडाच म्हणावा लागेल. खेळ अधिक खरा व्हावा या हव्यासापायी काहींनी लष्करी पुस्तिका इंटरनेटवर टाकल्या आहेत, आणि एफ-१६ च्या पुस्तिका मिळवण्याच्या प्रयत्नात एका खेळ-निर्मात्या कंपनीचा रशियन कर्मचारी अमेरिकेत तुरुंगात गेला. परंतु निवृत्त विमानाचा हळू वेगातला स्वभाव हे कुठले गुपित? शासकीय कागद साधारणतः पंचवीस वर्षांनी खुले करावेत असे आपला अभिलेख कायदा मानतो, आणि संरक्षण मंत्रालयानेही २०२१ च्या जूनमध्ये युद्धेतिहासाच्या कागदांबाबत तेच धोरण जाहीर केले. पेशवे दप्तर ज्या राज्यात एकोणिसाव्या शतकापासून अभ्यासकांच्या तगाद्याने हळूहळू उघडत आले, तिथल्या लोकांना कागद दाबून ठेवल्याने नेमके कोणाचे भले होते, हा प्रश्न विचारायचा हक्क आहे.

२७ जून २०१८ रोजी अजून हवाई दलाकडे न सोपवलेले एक नवे सुखोई चाचणीच्या उड्डाणात ओझरच्याच निफाड तालुक्यातल्या वावी ठुशी शिवारात पडले. ४ जून २०२४ रोजी दुसरे शिरसगावच्या शेतात पडले. दोन्ही वेळा वैमानिक छत्रीने वाचले. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडला मिग-२१ चा निरोपसमारंभ झाला, आणि तीन आठवड्यांनी, १७ ऑक्टोबरला, ओझरला घडलेले पहिले तेजस मार्क-१ए इथल्याच धावपट्टीवरून उठले. मिगची चाचणी घेतलेले वैमानिक, त्यांच्या तक्रारी ऐकून घेतलेले फोरमन, इंजिनाचा उशीर कानाने ओळखणारे फिटर आता सत्तरी-ऐंशीत आहेत; त्यांतले बरेच नाशिकमध्ये आणि आजूबाजूच्या गावांत राहतात, काहींच्या द्राक्षबागा आहेत. त्यांच्याकडे जे आहे ते बखर आणि अस्सल कागद यांच्या मधले काहीतरी आहे.

अशा कारखान्यात नवे किंवा दुरुस्त झालेले विमान पहिल्यांदा वर जाऊन येते तेव्हा वैमानिकाच्या गुडघ्याला बांधलेल्या कागदावर बारीक अक्षरांत काहीतरी लिहिलेले असते: डावीकडे किंचित ओढते, अमुक वेगाला शेपटीत कंप येतो, स्टिक मागच्याहून जड. मग कोणी कारागीर पंखाच्या मागच्या कडेची पत्र्याची छोटी पट्टी केसभर वाकवतो आणि विमान पुन्हा वर जाते. एकाच नकाशावरून, एकाच साच्यावर, एकाच हातांनी बांधलेली दोन विमाने सारखी उडत नाहीत, म्हणून तर चाचणीचा वैमानिक पगारावर ठेवावा लागतो. सायखेड्यातल्या त्या मुलाच्या संगणकावर मिग-२१ बिस शंभरदा सुरू केले तरी शंभरदा शेवटच्या दशांशापर्यंत तेच विमान येते. ओझरमधून तसे एकही बाहेर पडले नाही.